अतिथी, आश्रित आणि अंतेवासी

परक्या देशातील महानगरात शिकायला जाणे आणि परक्या देशातील खेड्यात शिकायला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महानगर नवख्याची दखल घेत नाही. तेथील एकटेपण जाचक असले, तरी त्यात मोकळीकही असते. कोण काय खातो, कोणत्या देवाला हात जोडतो, याची पॅरिसला फिकीर नसते, खेड्याला असते. खेड्यात विद्यार्थी कोणाच्या तरी घरी उतरतो, कोणाच्या तरी ताटात जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावाला त्याच्याविषयी काही ना काही ठाऊक असते. आमच्या बनशंकरीतील ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी काही वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका लहानशा गावी शिकायला गेली. पहिल्या आठवड्यात तिने घरी जे कळवले त्यात अभ्यासक्रमाविषयी जेमतेम एक वाक्य होते. बाकी सारे पावाच्या दुकानाविषयी, रविवारी सामसूम होणाऱ्या रस्त्याविषयी, दुकानात पाऊल टाकताच 'बोंझूर' म्हटल्यावाचून काही मागायचे नसते याविषयी. आणि एक प्रश्न होता. ती मांस खात नाही हे ऐकून घरमालकीणबाईंनी तिच्यासाठी मुद्दाम भाजीचे सूप केले. त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. स्वादापुरते घातलेले ते तुकडे 'मांस' या सदरात मोडतात, असे त्या बाईंना अगदी प्रामाणिकपणे वाटत नव्हते. अशा वेळी काय करावे, असे मुलीने विचारले होते. तिच्या आईला तो प्रश्न स्वयंपाकाचा वाटला. मला तो नीतिविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न वाटतो: ज्याच्या घरी आपण शिकण्यासाठी राहतो त्याचे आपण नेमके काय देणे लागतो, आणि त्याला आपल्याकडून काय मागण्याचा अधिकार पोहोचतो?

आपल्या परंपरेत या नात्यासाठी एकाहून अधिक शब्द आहेत, आणि त्यांपैकी एकही या विद्यार्थ्याला पुरता लागू पडत नाही. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा. मनुस्मृतीने तर एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हटले आहे. तीन वर्षे राहणारा अतिथी शास्त्राच्या कल्पनेत बसत नाही. 'आश्रित' हा शब्द त्याच्या दीर्घ मुक्कामाला शोभतो खरा, पण त्यात मान खाली घातलेली असते. उरतो 'अंतेवासी', गुरूच्या सन्निध राहणारा शिष्य. तो समिधा आणतो, गुरे राखतो, भिक्षा मागून आणलेले अन्न गुरूपुढे ठेवतो आणि शेवटी दक्षिणा देऊन मोकळा होतो. या नात्यात देण्याघेण्याची बाजू स्पष्ट आहे. परंतु गुरू आणि शिष्य यांचे आचार एकच असतील हे त्यात गृहीत धरलेले आहे. आचार वेगळे असले तर काय, या प्रश्नाशी त्या व्यवस्थेला कर्तव्य नव्हते. महाराष्ट्रात पुढे माधुकरी आणि वार लावून जेवणे या प्रथांनी गरीब विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या जगवल्या, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण त्या जेवणाची किंमत ताटात लिहिलेली नसली तरी पंगतीतील जागेवरून, वाढणाऱ्या हाताच्या गतीवरून आणि जेवणानंतर सांगितल्या जाणाऱ्या कामांवरून ती मुलाला कळत असे. जातीबाहेरच्या मुलाला तर तो वार मिळतच नसे.

मराठी माणसाच्या अर्वाचीन इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा त्याच्या साऱ्या तीव्रतेने उभा राहिला तो १८८३ साली, आणि तो दोन स्त्रियांच्या वाट्याला आला. आनंदीबाई जोशी त्या वर्षीच्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला पोहोचल्या. पंडिता रमाबाई २० एप्रिलला मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. दोघींनाही वैद्यक शिकायचे होते. दोघींचे पहिले दिवस महानगरात गेले नाहीत: आनंदीबाई न्यू जर्सीमधील रोझेल या लहान गावी थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या, तर रमाबाई वाँटेज या छोट्या बाजारगावी सेंट मेरी द व्हर्जिन या पंथाच्या भगिनींच्या मठात. वाँटेजला राजा आल्फ्रेड जन्मला एवढीच त्या गावाची तोवरची ख्याती. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. कानडी मुलखात राहून मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या योगायोगाचे थोडे अप्रूप वाटते, एवढेच.

रमाबाईंच्या मागे काय होते हे ध्यानात घेतल्यावाचून वाँटेजमधील त्यांचे वागणे उमगणार नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. देवळात, घाटावर पुराण सांगायचे आणि श्रोत्यांनी ठेवलेल्या दक्षिणेवर निर्वाह करायचा, असे या कुटुंबाचे आयुष्य तीर्थाटनात गेले. १८७०नंतरच्या दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. पुराण सांगून मिळालेली दक्षिणा आणि हात पसरून मिळालेली भीक यांतले अंतर या मुलीला ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. दान घेणाऱ्यावर त्या घेण्याचा भार पडतो, प्रतिग्रहाने तेज उणावते, हा धर्मशास्त्रातला विचारही त्यांना पाठ असणार. म्हणून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या १८८२ सालच्या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला, आणि वाँटेजच्या मठाशी व्यवहार ठरवला तो असा: हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवतील, मठ त्यांच्या राहण्याजेवणाची व शिक्षणाची सोय करील. हा करार मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात आश्रिताची भूमिका आरंभीच नाकारलेली आहे. मराठी भाषा ही विनिमयाला पुरेल एवढ्या मोलाची वस्तू आहे, असे एका विधवा मराठी बाईने १८८३ साली इंग्लंडमध्ये मांडले आणि समोरच्यांनी ते मान्य केले.

पण पहिले दिवस करारावर चालत नाहीत. रमाबाईंबरोबर त्यांची लहानगी मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती. या सोबतिणीच्या मनाने घेतले की, येथे आपल्याला बळेच ख्रिस्ती करणार. त्या भीतीचा अंत भयानक झाला. मॅक्समुल्लरने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की तिने एका रात्री रमाबाईंचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला आणि पुढे विष घेऊन स्वतःचा शेवट केला. मठातील भगिनींनी तिच्यावर जुलूम केला असे कोणी म्हटलेले नाही. तेव्हा दोष कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर 'कोणाचाच नाही' असे देऊन पुढे जाता येत नाही असे मला वाटते. यजमानाने काहीही मागितले नसतानाही त्याच्या अपेक्षा घरभर पसरलेल्या असतात: भिंतीवरच्या क्रूसात, जेवणाआधीच्या प्रार्थनेत, 'तुमचे भले व्हावे' असे मनापासून म्हणणाऱ्या चेहऱ्यांत. ज्याला परत जायला पैसा नाही आणि बोलायला पुरती भाषा नाही, त्याला ही शांत अपेक्षा धमकीसारखी ऐकू येते. या घटनेनंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्समुल्लरच्या घरी राहायला गेल्या, तेव्हा त्यांची अवस्था अशी होती की रात्री त्यांच्या खोलीत निजायला एक मोलकरीण द्यावी लागली. यजमानपणाच्या साऱ्या इतिहासात या मोलकरणीची जागा मला मोठी वाटते. तिचे नाव कोठे नोंदलेले नाही, आणि भ्यालेल्या माणसाच्या खोलीत निजण्यापलीकडे तिने काही मागितल्याचेही नमूद नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजमध्ये रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ उठला. आश्रयाची किंमत म्हणून त्यांनी धर्म दिला, असा आरोप झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, ती अर्थात वेगळ्या दिशेने: हा धर्म बाईने का सोडला हे आधी आपल्या शास्त्रांना विचारा, असा त्यांचा रोख होता. मला येथे रमाबाईंनी धर्मांतर का केले याची मीमांसा करायची नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांपासून पुष्कळ कारणे त्यामागे होती. मला जे सांगायचे आहे ते धर्मांतरानंतरचे आहे. धर्म हा आश्रयाचा मोबदला असता, तर बाप्तिस्म्याच्या दिवशी हिशेब मिटला असता. प्रत्यक्षात खरी झटापट त्यानंतरच सुरू झाली.

सिस्टर जेरल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. पत्रांचे मायनेही तसेच आहेत. तिकडे अमेरिकेत आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानत होत्या. ही नात्याची संबोधने आपल्याला किती सहज वाटतात! परक्याला आपलेसे करण्याची ती मराठी रीत आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही आपण काका आणि मामा करून टाकतो. परंतु नाते जोडले की नात्याचे अधिकारही जडतात. करारातल्या भागीदाराला रुसता येत नाही; आजीला येते. जेरल्डीनबाई रुसल्या, आणि रुसव्याचा एक विषय होता जेवण. ख्रिस्ती झाल्यानंतरही रमाबाई मांसाहार करीत नसत. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. जेरल्डीनबाईंना यात जातीचा अभिमान दिसला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत या रमाबाईंच्या आग्रहातही त्यांना तेच दिसले.

जेरल्डीनबाईंचा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. तो असा मांडता येईल: हा आहारनियम ज्या जातिव्यवस्थेतून आला ती तुम्ही टाकली, जातीबाहेर विवाह केलात, ज्या धर्माने तो नियम पवित्र ठरवला तोही सोडलात. पायाच काढून घेतल्यावर भिंत कशाच्या आधारावर उभी ठेवता? जी गोष्ट आता श्रद्धा नाही ती केवळ अहंकार असली पाहिजे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा आक्षेप भक्कम आहे. आनंदीबाईंना तो कोणी घेऊ शकत नव्हते. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असे जाहीर केले होते. पाच वर्षांनी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींपाशी आईला दिलेले वचन होते. व्रताचा आणि शब्दाचा मान पाश्चात्त्य यजमानही ठेवतो. 'हिने शपथ घेतली आहे' म्हटले की पुढचा वाद थांबतो. रमाबाईंपाशी असे कोणतेच कवच नव्हते. त्यांच्यापाशी केवळ सवय होती, जीभ होती, लहानपणापासून वळण लागलेले शरीर होते.

त्यांनी दिलेले उत्तर, मला वाटते, या विषयावरचे मराठी माणसाने केलेले सर्वांत स्वच्छ विवेचन आहे. आपण जातीच्या पूर्वग्रहांतून सर्वस्वी सुटलेलो नाही हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. मग प्रश्न उलटा फिरवला: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि शेजाऱ्याला ज्यांचा उपद्रव नाही अशा आपल्या रीती तिने बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय? यात त्यांनी आपल्या आहाराचे समर्थन केलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो सात्त्विक आहे, आरोग्यदायी आहे, जीवदयेचा आहे, असले काही त्या म्हणाल्या नाहीत. कारण सांगण्याचे बंधनच त्यांनी नाकारले. शेजाऱ्याला इजा न करणारी रीत ठेवण्यासाठी तिच्यामागे सिद्धांत असावा लागत नाही, ही त्यांची भूमिका. सहिष्णुतेवरील आपली बहुतेक व्याख्याने दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करायला सांगतात. रमाबाई त्याहून कठीण गोष्ट मागत होत्या: ज्याला श्रद्धेचे नाव देता येत नाही अशा दुसऱ्याच्या वळणाचाही आदर.

पुढे वाद आहारापुरता राहिला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातल्या बिशपांनी इंग्लंडमध्ये मत कळवले. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंनी शंका काढल्या तेव्हा तर कृतघ्नतेचा सूर उघडच लागला. त्यांनी जे कळवले त्याचा आशय असा, की भटाभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवलेली मान दुसऱ्या कोणा धर्माधिकाऱ्यांच्या जोखडाखाली देण्याची आपली इच्छा नाही. आपल्याला सदसद्विवेक आहे आणि तो कोणाच्या स्वाधीन केलेला नाही. आणि तरीही त्यांनी 'आजीबाईं'शी असलेले नाते तोडले नाही, हे पत्रव्यवहार वाचणाऱ्याला विसरता येत नाही. कृतज्ञता आणि आज्ञाधारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे म्हणणे सोपे आहे. पत्रामागून पत्र, वर्षामागून वर्ष त्या वेगळ्या ठेवणे याला जो दम लागतो तो त्यांच्यापाशी होता.

आनंदीबाईंची बाजू येथे थोडक्यात मांडली तरी अन्याय होऊ नये. कार्पेंटरबाईंनी त्यांच्याकडून धर्मांतराची अपेक्षा ठेवली नव्हती. रोझेलमधल्या त्या उन्हाळ्यात त्यांना खरे माहेर मिळाले. त्यांच्यावरचा दाब निराळ्या दिशेने येत होता. थंडीसाठी त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचा जबाब पतीला द्यावा लागला. गोपाळरावांची पत्रे सातासमुद्रापलीकडून धाकात ठेवीत होती. पहिल्या दिवसांत विद्यार्थ्याला दोन यजमान असतात, एक जिथे तो उतरला तो आणि एक ज्याने त्याला पाठवले तो. दुसरा पुष्कळदा अधिक कठोर असतो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या समारंभाला इंग्लंडहून रमाबाई गेल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि पकीप्सीच्या दफनभूमीत त्या घराण्याच्या जागेत ठेवल्या गेल्या. पाहुणीला एवढी जागा देणारे घर विरळा.

या कथेचा जो भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो तो अजून राहिला आहे. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि काल आश्रयाला असलेली बाई आज यजमान झाली. सदनात येणाऱ्या हिंदू विधवांच्या धर्मात हात घालणार नाही, असे वचन त्यांनी दिले होते. मुलींना आपले सोवळेओवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवण्याची मुभा होती. वाँटेजमध्ये जे त्यांनी मागितले ते येथे त्यांनी दिले. फक्त त्या स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत. मुली डोकावू लागल्या, काही आत येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे स्नेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा अपराध आहे काय? रमाबाईंचे म्हणणे, माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना चोरून का करावी? ते रास्त आहे. पण ज्या मुलीला या घराबाहेर जागाच नाही, तिच्या दृष्टीने उघड्या दारालाही एक ओढ असते, आणि ती ओढ निव्वळ स्वेच्छेची आहे असे म्हणवत नाही. आनंदीबाई भगतची गोष्ट अनुभवलेल्या बाईला हे कळत नव्हते असे मी मानीत नाही. तिला ते कळत होते आणि तरी तिने दार उघडे ठेवले. मला या जागी रमाबाईंना दोषीही ठरवता येत नाही आणि मोकळेही करता येत नाही.

आता आमच्या गल्लीतले. बंगळूरच्या दक्षिण भागात, बसवनगुडीपासून बनशंकरीपर्यंत, 'घर भाड्याने देणे आहे' या पाटीखाली 'फक्त शाकाहारींसाठी' ही ओळ काही नवी नाही. ज्यांच्या मुली फ्रान्सच्या खेड्यात सुपातील तुकडे वेचीत बसतात, त्यांच्याच फाटकांवर ती पाटी असते. वाँटेजच्या न्यायाने पाहिले तर आपण एकाच वेळी रमाबाईंचा आणि जेरल्डीनबाईंचा युक्तिवाद करीत असतो. पहिला मुलीसाठी, दुसरा भाडेकरूसाठी. ईशान्येकडून या शहरात शिकायला आलेल्या मुलांना त्याचा अनुभव आहे. २०१२च्या ऑगस्टमध्ये नुसत्या अफवांवरून त्यांच्यातले हजारो लोक मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले, तेव्हा आपल्या पाहुण्यांना येथे कितपत घरच्यासारखे वाटते हे आपल्याला रेल्वेच्या फलाटावर कळले. घर माझे आहे, त्यात काय शिजावे हे मी ठरवीन, हे म्हणणे खोटे नाही. पण 'शाकाहार' हे दिलेले कारण खरे कारण असते काय? नागालँडकडची मुले 'अखुनी' नावाचे एक तोंडीलावणे करतात. ते आंबवलेल्या सोयाबीनचे असते, त्यात मांसाचा कणही नसतो, आणि त्याचा वास चार घरांपर्यंत जातो. पाटीवरच्या अटीप्रमाणे त्याला हरकत घेता येत नाही. तरी त्यावरून खोल्या रिकाम्या कराव्या लागल्याचे ऐकू येते. म्हणजे तत्त्व सांगितले जाते शाकाहाराचे, आणि तक्रार असते ती परक्या वासाची. जेरल्डीनबाई निदान समोर बसवून वाद घालीत होत्या.

बादामीच्या बनशंकरीला शाकंभरीही म्हणतात. ती कित्येक मराठी घराण्यांचे कुलदैवत. दुष्काळात आपल्या अंगावर उगवलेल्या शाकभाजीने तिने लोकांना पोसले, अशी तिची कथा आहे. लोकांची जात तिने विचारली होती असे त्या कथेत नाही. तिच्या नावाच्या आमच्या वस्तीतील एक वृद्ध कानडी घरमालकीण माझ्या परिचयाची आहे. स्वतः कांदालसूणही न खाणारी. तिच्या वरच्या मजल्यावर नागालँडच्या दोन मुली राहतात, आणि महिन्यातून एकदोनदा अखुनी शिजते. त्यांना तिने एवढेच सांगून ठेवले आहे, की त्या दिवशी मागची खिडकी उघडी ठेवा आणि मला आदल्या रात्री कळवा. त्या दिवशी ती सकाळी लवकरच देवळात जाते आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तेथे बसते.